औंढ्याच्या वेधशाळेला कंटेनरही हवेत

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आकाराला येत आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेले सुमारे २६०० कोटी रुपये, २०३० चे लक्ष्य. चर्चा होते ती जमिनीची, रस्त्यांची, बांधकामाची. संगणकांवर होणाऱ्या खर्चाबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही, आणि ते बोलायलाच हवे.

लहर भुजांमध्ये टिपली जाते, पण ओळखली जाते संगणकावर. गोंगाटात दडलेला क्षीण संकेत असंख्य गणिती नमुन्यांशी ताडून पाहावा लागतो. या पद्धतीच्या पायाभरणीत पुण्याच्या आयुका या संस्थेतील संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे.

असे काम वेगवेगळ्या देशांतल्या संगणकांवर चालते. एकीकडे सॉफ्टवेअरची एक आवृत्ती, दुसरीकडे दुसरी, असे झाले की उत्तरांवरचा भरवसा उडतो. म्हणून प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइल एकत्र बांधून कंटेनर पाठवला जातो. २०१३ मध्ये डॉकरने ही पद्धत घरोघरी नेली. मोठ्या संगणक-समूहांसाठी सिंग्युलॅरिटी आले, ज्याचे आजचे नाव ॲपटेनर. अमेरिकेत आधीपासून चालणाऱ्या लायगोचे शास्त्रज्ञ ते वापरतात.

व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाचा, हिशेब वेगळा. प्रत्येक मशीनमध्ये अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम असते. दहा कामांना दहा मशीन घेतल्या, तर दहा सिस्टिमची मेमरी अडते आणि दहा ठिकाणी अपडेट करावे लागतात. कंटेनर एकाच सिस्टिमचा गाभा वाटून घेतात. हिंगोलीच्या हळद उत्पादकाला हे लगेच पटेल: बॉयलर सामाईक, हळद ज्याची त्याची. मशीन सुरू व्हायला बऱ्याचदा मिनिट लागते, तिथे कंटेनर सेकंदात उठतो.

शिवाय लायसन्स. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हर्च्युअल मशीनचे सॉफ्टवेअर विकणारी व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेतली आणि डिसेंबरातच कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवून वर्गणी लावली. एकाच विक्रेत्यावर विसंबलेल्या संस्थांचे अंदाजपत्रक त्याने विस्कटले.

तरीही व्हर्च्युअल मशीन मोडीत काढणे चूक ठरेल. गाभा सामाईक असल्याने त्यातली भेग सगळ्यांना भोवते. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंटेनर चालवणाऱ्या रनसी या प्रोग्राममध्ये अशी त्रुटी सापडली की कंटेनरमधून बाहेर पडून मूळ सर्व्हरचा ताबा घेता येत होता. विंडोजवरची जुनी हिशेबप्रणाली किंवा परस्परांवर विश्वास नसलेल्या दोन विभागांचा डेटा स्वतंत्र मशीनवरच ठेवावा. क्लाउड कंपन्याही अनेकदा व्हर्च्युअल मशीनच्या आतच कंटेनर चालवतात. मशीन मोजक्या, त्यांत कंटेनर भरपूर, ही रचना खरेदीच्या निविदेतच लिहिली गेली पाहिजे.

मराठवाड्याचा फायदा मात्र सर्व्हरखोलीच्या बाहेर आहे. डॉकर इंजिन आणि ॲपटेनर मुक्तस्रोत आहेत आणि लायगोची प्रसिद्ध झालेली निरीक्षणे सर्वांना खुली आहेत. नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली विद्यार्थिनी १४ सप्टेंबर २०१५ चा गुरुत्वीय लहरींचा पहिला संकेत आजही स्वतःच्या लॅपटॉपवर, कंटेनरमध्ये शोधू शकते. वेधशाळा सुरू होईल तेव्हा तिथल्या संगणककक्षात कामाला माणसे लागतील. त्यांचे प्रशिक्षण नांदेड-हिंगोलीत याच वर्षी सुरू व्हावे.