लोखंडाच्या भावानं

गेवराईजवळच्या एका गावात लाकूड कातायचं जुनं मशीन विकायला आहे असं कळलं, तेव्हा मी घरात म्हणालो, "नुसतं बघून येतो." बायको काही बोलली नाही. तिनं फक्त मागच्या पडवीतली पापडाची बाज उचलून आत नेली.

मशीनचे मालक सत्तरीचे. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणू लागलो. या लेथवर त्यांनी पलंगाचे खूर, पाळण्याचे खांब, लाटणी, रव्या, पोरांचे भोवरे कातले. आणि बैलगाडीचे तुंबे. तुंबा म्हणजे चाकाच्या मधला गड्डा, ज्यात आरे ठोकतात. तो बाभळीचाच लागायचा, कारण बाभूळ ठोकलेला आरा घट्ट धरून ठेवते. गाडीला टायर आले, तुंबा गेला. मग लोखंडी पलंग आले, खूरही गेले. आता आमच्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्याही टायरच्याच.

भंगारवाला ३० रुपये किलोनं न्यायला तयार होता. दीडशे किलोचे साडेचार हजार. मामा म्हणाले, "तुमीबी तेच द्या गुरुजी. लोखंडाचे पैसे घेतो. पटाश्या तशाच न्या." पटाश्या पाच होत्या. मुठी त्यांच्या पंजाच्या मापानं झिजलेल्या. माझ्या हातात त्या अजूनही नीट बसत नाहीत.

जुना लेथ घेताना रंगाकडं बघू नये. टेलस्टॉक सरकवत हेडस्टॉकपर्यंत न्यावा. दोन्ही सेंटरची टोकं नाकाला नाक भिडली पाहिजेत. इथं भिडली. स्पिंडल धरून हलवलं तर टकटक वाजलं, म्हणजे बेअरिंग गेलेलं. बेअरिंग बीडच्या दुकानात मिळतं, पण वाकलेला बेड सरळ करून देणारा शोधायचा कुठं? म्हणून घेतलं.

घोळ घरी आल्यावर झाला. मोटर थ्री फेज, घरात सिंगल फेज. शेतात थ्री फेज आहे, पण पाळीनं. लाटणं कातायला रात्री दीडला कोण उठणार? शेवटी एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर आणली. ती मशीनपेक्षा महाग पडली, हे घरात अजून सांगितलेलं नाही. आता पेपरात वाचलं जाईल.

ही मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. आठ इंची ओंडका या वेगानं फिरला तर त्याची कड ताशी ५५ किलोमीटरनं पळते, म्हणजे जवळजवळ एसटीच्या वेगानं. आणि आपण तिला पटाशी लावून उभे! म्हणून मोटरला तीन इंची अन् मशीनला सहा इंची पुली घातली. फेरे ७२० वर आले. हातमोजे मात्र घालायचे नाहीत. मोज्याचा धागा अडकला की हात त्याच्यामागं ओढला जातो.

पहिल्यांदा चालू केलं तर मशीन पडवीभर नाचलं. गवंडी बोलावला, पाणसळ लावून कोब्यात बोल्ट गाडले, वर वाळूची पोती ठेवली. तरी थरथर जाईना. मामांना फोन केला, ते सकाळच्या एसटीनं आले. मशीनकडं पाहिलंसुद्धा नाही, डोळे मिटून ऐकत राहिले. मग बंद करायला लावून ओंडका काढला. मी मध्य अंदाजानं धरला होता. त्यांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघा मारून फुली काढली, वाकसानं चारी धारा उडवल्या आणि ओंडका परत चढवला. मशीन गप्प चालू लागलं. आपण रेखीव नाकाला 'कातीव' म्हणतो. तो शब्द कुठून आला असेल, हे त्या दिवशी पटाशीच्या टोकाशी दिसलं.

सावंतवाडीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी होतात. आमच्याकडं बाभूळ, हिवर नाहीतर कडुलिंब. माझं पहिलं लाटणं लिंबाचं. भुशानं दोन दिवस घसा कडू होता आणि लाटणं मधेच फुगलं. पोळीचा नकाशा होतो.

मामा म्हणतात, शिकायचं तर जुन्या तुंब्याच्या बाभळीवर शिका. इतकं वाळलेलं लाकूड आता मिळत नाही. तेव्हा तुमच्या वाड्यात, गोठ्यात एखादं मोडकं चाक पडलं असेल तर तुंबा चुलीत घालू नका. मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन. पैसे लाकडाच्या भावानं देईन.