लोगो नेमका कुणाला दिसतो?

फोन हातात असेलच आत्ता, तर एक काम करा. गॅलरी उघडा आणि तुमचे मिरर सेल्फी शोधा. ट्रायल रूममधले, मॉलच्या लिफ्टमधले, हॉस्टेलच्या बाथरूममधले, सगळे. आता बोटं बघा. ज्यांच्या फोनची पाठ दाखवण्यासारखी असते, त्यांची बोटं बरोब्बर खाली असतात. कॅमेरा आणि लोगो दोन्ही मोकळे. आणि ज्यांच्या फोनची पाठ दाखवण्यासारखी नसते, त्यांचा पंजा नेमका लोगोवर पडलेला असतो. मी अनेक वर्षं दुसऱ्या गटातली होते, म्हणून मला हे पटकन दिसतं. त्याहून वाईट सांगते. अकरावीत मावसभावाचा जुना लॅपटॉप मला मिळाला, तेव्हा त्याच्या झाकणावर मी सफरचंदाचा स्टिकर चिकटवला होता. मशीन भलत्याच कंपनीचं होतं. क्लासमध्ये कुणी फसलं असेल असं वाटत नाही, पण मला मात्र फार भारी वाटायचं.

आता खऱ्या सफरचंदाची गोष्ट. नव्वदच्या दशकातले ॲपलचे लॅपटॉप बघितलेत? बंद लॅपटॉप समोर ठेवला की लोगो मालकाला सुलट दिसायचा. पण झाकण उघडलं, की समोर बसलेल्या माणसाला तोच लोगो उलटा दिसायचा. हे मुद्दाम केलेलं होतं. लोक लॅपटॉप चुकीच्या बाजूने उघडायला जातात, तर त्यांना खूण म्हणून लोगो मालकाकडे तोंड करून, असा तो विचार. नंतर कंपनीने निर्णय फिरवला. २००१च्या पॉवरबुकवर सफरचंद उलटं बसवलेलं आहे. म्हणजे मालकाला उलटं आणि जगाला सुलट. तुमच्या वर्गात, कॅफेत, विमानतळावर आज जे जे लॅपटॉप उघडे दिसतात, त्या प्रत्येकाचा लोगो तुमच्यासाठी आहे. ज्याने पैसे भरले, त्याला तो काम करताना दिसतच नाही.

मला वाटतं, टेक कंपन्यांची अख्खी ब्रँडबाजी या एका निर्णयात आहे. वस्तू तुम्हाला विकायची आणि दाखवायची मात्र दुसऱ्याला.

आयपॉडचंच बघा. २००१ साली आलेली ही गाणी ऐकायची डबी असायची खिशात. खिशातली वस्तू मिरवणार कशी? मग २००३च्या सुमारास त्या जाहिराती आल्या. रंगीत भिंत, त्यापुढे नाचणाऱ्या माणसाची काळी सावली आणि त्या सावलीच्या कानातून लोंबणारी पांढरीशुभ्र वायर. तेव्हा बहुतेकांच्या इअरफोनच्या वायरी काळ्या. त्यामुळे रस्त्यात पांढरी वायर दिसली, की खिशात काय आहे हे न सांगता कळायचं. आज तेच काम कॅमेऱ्याचा उंचवटा करतो. म्हणून तर स्वस्तातल्या फोनलासुद्धा मागे तीन-तीन, चार-चार गोल असतात. त्यातला एक खरा कामाचा, बाकीचे दोन मेगापिक्सेलचे डेप्थ किंवा मॅक्रो. ते फोटोसाठी कमी आणि पाठीसाठी जास्त.

पण नुसतं दिसून भागत नाही. समोरच्याला हसावंही लागतं.

२००६ ते २००९ या काळात ॲपलने अमेरिकेत एक जाहिरात-मालिका चालवली, साठहून जास्त जाहिरातींची. पांढऱ्या भिंतीपुढे दोन माणसं उभी. एक जीन्स घातलेला निवांत पोरगा, तो म्हणजे मॅक. दुसरा सूट-चष्मा घातलेला, थोडा गोलमटोल, सतत आजारी पडणारा, गोंधळणारा बाबू, तो म्हणजे पीसी. यूट्यूबवर सापडतील, बघा, आजही हसू येतं. त्यात कॉम्प्युटरचा वेग, मेमरी असलं फार काही नाही. आहे तो एकच प्रश्न: या दोघांपैकी तुम्ही कोण? तेव्हा जगातले दहापैकी नऊ कॉम्प्युटर विंडोजवर चालायचे. म्हणजे बहुसंख्य लोकांना त्यांच्याच टेबलावरची वस्तू 'काकांची' वाटायला लावायची, हा डाव होता, आणि तो जमला.

मायक्रोसॉफ्टचं उत्तर २००८मध्ये आलं. शिक्षक, शास्त्रज्ञ, सगळ्या थरातली माणसं कॅमेऱ्यासमोर येऊन 'मी पीसी आहे' असं अभिमानाने सांगायची. पुढच्या वर्षीच्या एका जाहिरातीत हजार डॉलरचं बजेट घेऊन लॅपटॉप शोधणारी मुलगी ॲपलच्या दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर येते आणि म्हणते, आपण मॅकवाल्यांइतके कूल नाही बहुतेक. यात टोमणा होता ॲपलच्या किमतीला. पण कूल कोण, हे मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या पैशाने कबूल करून टाकलं की राव!

आणि तो जीन्सवाला पोरगा? अभिनेता जस्टिन लाँग. २०२१ साली तो इंटेलच्या जाहिरातीत दिसला, पीसी कसे भारी आहेत हे सांगताना. ॲपलने नुकताच इंटेलच्या चिपला रामराम ठोकला होता.

सॅमसंगची कथा तर आणखी गमतीची. २०१६मध्ये आयफोनची हेडफोनची पिन गेली. २०१७च्या सॅमसंगच्या जाहिरातीत आयफोनला कंटाळत कंटाळत मोठा होणारा एक तरुण दाखवला होता. त्यात हेडफोनसाठी लावावा लागणारा तो जोडतुकडा होता, आणि आयफोन घ्यायला रांगेत उभ्या असलेल्या एकाच्या केसांचा कट चक्क नॉचच्या आकाराचा! दोन वर्षांनी, २०१९च्या नोट १०मधून सॅमसंगनेही पिन काढली आणि ती जाहिरात गुपचूप आपल्या चॅनलवरून उतरवली. २०२०मध्ये आयफोनच्या खोक्यातून चार्जर गायब झाला. सॅमसंगने फेसबुकवर टोमणा मारला, आमच्याकडे मिळतो बुवा. काही महिन्यांत, २०२१च्या जानेवारीत, एस२१च्या खोक्यातूनही चार्जर गायब. ती पोस्टही गायब.

या काळात दोन्हीकडच्या फॅन्सनी कॉमेंट्समध्ये एकमेकांचं जे काही केलं, ते तुम्ही वाचलं असेल. कदाचित लिहिलंही असेल. पण कंपन्यांचं आपसात काय चाललं होतं? २०११पासून ॲपल आणि सॅमसंग कोर्टात होते. २०१२ला अमेरिकी ज्यूरीने सॅमसंगला एक अब्ज डॉलरहून जास्त भरपाई द्यायला सांगितली. त्याच वर्षीच्या आयफोनमधली चिप सॅमसंगच्या कारखान्यात बनत होती. २०१७च्या आयफोन टेनचा गाजलेला स्क्रीनही सॅमसंगचाच. गुगल हिरव्या-निळ्या मेसेजवरून ॲपलला जाहीर टोमणे मारत होतं, त्याच २०२२ सालात सफारीमध्ये आपलं सर्च ठेवण्यासाठी त्याने ॲपलला वीस अब्ज डॉलर दिले. अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून हा आकडा बाहेर आला.

यातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग १९९७चा. ॲपल बुडायच्या बेतात होती. बोस्टनच्या कार्यक्रमात स्टीव्ह जॉब्जने स्टेजवरून जाहीर केलं, की मायक्रोसॉफ्ट आपल्यात पंधरा कोटी डॉलर गुंतवतेय. मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर बिल गेट्स अवतरले आणि हॉलमधल्या ॲपलभक्तांनी हुर्यो उडवली. ज्या पैशाने त्यांच्या लाडक्या कंपनीला श्वास मिळणार होता, त्या पैशाची हुर्यो! वरचे दोघे व्यवहार करत होते. भांडण खालच्या खुर्च्यांत चाललं होतं.

आपल्याकडे आणखी मजा. ओप्पो आणि विवो दोन्ही बीबीके या एकाच चिनी कंपनीच्या घरातून आले. २०१६ला आयपीएलवर विवोचं नाव होतं, २०१७ला टीम इंडियाच्या जर्सीवर ओप्पोचं. वनप्लस २०१३मध्ये ओप्पो सोडलेल्या अधिकाऱ्याने काढली. सुरुवातीला तर तो फोन घ्यायला इन्व्हाइट लागायचं, आठवत असेल तुमच्या दादाला. २०२१मध्ये कंपनीने ओप्पोशी अधिकृतपणे हातमिळवणी केली. रिअलमी २०१८ला ओप्पोच्याच पोटातून आली आणि गेमिंगवाली आयक्यू विवोच्या. कँटीनमध्ये 'वनप्लस म्हणजे क्लास, रिअलमी म्हणजे मास' यावर तासभर वाद घालणारे दोघं एकाच खानदानाच्या दोन जाहिरात खात्यांची बाजू मांडत असतात, तेही फुकट.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं? घेतला आवडला म्हणून महाग फोन. आमचे पैसे.

इथे थोडं थांबूया. मघाचे हिरवे-निळे मेसेज ही अमेरिकेतली मोठी भानगड. तिथे आयफोनवरून अँड्रॉइडवाल्याला पाठवलेला मेसेज हिरवा दिसतो आणि त्यावरून शाळा-कॉलेजातल्या पोरांना ग्रुपबाहेर ठेवतात. २०२४च्या मार्चमध्ये तिथल्या सरकारने ॲपलवर भरलेल्या खटल्यात याचाही उल्लेख आहे. २०२२ला एकाने टिम कुकना विचारलं, मला आईला नीट व्हिडिओ पाठवता येत नाहीत, काय करू? ते म्हणाले, आईला आयफोन घेऊन द्या.

आपल्याकडे व्हॉट्सॲपमुळे मेसेजचा रंग कुणी बघत नाही. आणि आपल्याकडे गंगा उलटी वाहते. इथे आई मुलाला घेऊन देते.

माझ्या वर्गात बार्शीकडचा एक मुलगा होता. वडिलांची पिठाची गिरणी. सेकंड इयरला त्याने वडिलांच्या नावावर ईएमआयने भारीतला फोन घेतला. लगेच नाकं मुरडू नका. त्याचं लॉजिक साफ होतं. पहिल्या वर्षी त्याला ग्रुपमध्ये कुणी धरत नव्हतं, फोननंतर धरायला लागले. फोनने खरंच काम केलं. फक्त झालं असं, की कॅमेरा त्याचा चांगला म्हणून फोटो काढायचं काम त्याच्याकडे आलं. आमच्या हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकच्या एकाही ग्रुप फोटोत तो नाही. आणि हप्त्याच्या आठवड्यात तो रात्री मेसला यायचा नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्यामुळे हिशेब बोलूया, कारण मोबाइलच्या दुकानातल्या त्या कोपऱ्यातल्या टेबलावर तो कुणी नीट सांगत नाही. आयफोन १६ आला तेव्हा त्याची सुरुवातीची किंमत होती ७९,९०० रुपये. चोवीस महिन्यांनी भागा, महिन्याला साधारण ३,३०० होतात. 'नो कॉस्ट' या शब्दाला भुलू नका. रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना बजावलंय, की शून्य टक्के व्याज नावाचा प्रकार अस्तित्वात नसतो. व्याज असतंच. क्रेडिट कार्डावर घेतलं तर बहुतेक वेळा तेवढी रक्कम आधी सूट म्हणून कापून दाखवतात. पण त्या व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्या माथी असते. रोख घेणाऱ्याला मिळाली असती ती सवलत जाते ती वेगळीच. आणि कर्ज वडिलांच्या नावावर असेल, तर चुकलेला हप्ता त्यांच्या क्रेडिट स्कोअरमध्ये नोंदला जातो. पुढे तुम्ही शैक्षणिक कर्जाला जाल, तेव्हा सहकर्जदार म्हणून बँक त्यांचाच स्कोअर उघडून बघेल. मिरर सेल्फीत हे काही दिसत नाही.

ॲपल घेऊच नका, असं मी म्हणत नाहीये. तो फोन वर्षानुवर्षं चालतो, जुना विकायला गेलात तर बरी किंमत येते, हेही खरं आहे. या कंपन्यांची चढाओढ वाईट असंही नाही. ती कुठल्या गोष्टीसाठी चालते, यावर सगळं आहे. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये गुगलने पिक्सेल ८ला सात वर्षं अपडेट देऊ असं जाहीर केलं, आणि तीनच महिन्यांत सॅमसंगने एस२४ला तेच वचन दिलं. अशा भांडणाला मी टाळ्या वाजवते. सात वर्षं म्हणजे तुमचं बीई आणि त्यापुढची पहिली नोकरीसुद्धा त्याच फोनवर निघू शकते. पण ही सात वर्षं फोनच्या पाठीवर छापलेली नसतात, म्हणून कुणी त्यावर मीम बनवत नाही. बॅटरी बदलायला किती लागतात, स्क्रीन फुटली तर पार्ट मिळतो का, आपल्या तालुक्यात सर्व्हिस सेंटर आहे की थेट पुणं गाठावं लागतं, यावरही नाही.

मागच्या महिन्यात धाकट्या भावासाठी फोन बघायला गेले होते. काउंटरवरच्या पोराला विचारलं, याला अपडेट किती वर्षं आहेत? त्याने आत मालकाला विचारलं, मालकाने गुगलला विचारलं. मग तो परत आला, फोन काचेवर पालथा ठेवला, कॅमेऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, ते नंतर बघू. कलर कुठला दाखवू?"