पापलेटला मोजपट्टी, पाइपाला माफी

तारापूर औद्योगिक वसाहतीत कारखाने चालवणाऱ्या देशी-परदेशी कंपन्यांच्या संचालकांस,

आमची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडून झाली, प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे झाली, कोर्टातही झाली. तुमच्याशी बोलणं तेवढं राहिलं, कारण तुम्ही भेटतच नाही. गेटवर सिक्युरिटी भेटते, सुनावणीला वकील.

२०१६ साली आम्हा मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. वसाहतीचं सांडपाणी खाड्यांत आणि नवापूरच्या समुद्रात जातं, खाडी-समुद्रावर पोट असणाऱ्यांनी जायचं कुठे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुण मिळवून प्रदूषणात देशात पहिलं आलं. असला पहिला नंबर कोणत्या गावाला हवा असतो? अखेर २४ जानेवारी २०२२ रोजी लवादाने शंभराच्या आसपास कारखान्यांवर आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर कोट्यवधींची पर्यावरण भरपाई बसवली.

निकाल आमच्या बाजूचा. पण रिकाम्या परतलेल्या होडीचं डिझेल आणि बाजारात पाटी न भरलेल्या बाईचा दिवस, याचा हिशेब कोण करणार? लवादाकडे भरपाई मागायला कायद्याने पाच वर्षांची मुदत आहे. समुद्र काही एका तारखेला नासत नाही. शिवाय तुम्हा सगळ्यांचं पाणी एका केंद्रात मिसळतं आणि तिथून एकाच पाइपाने बाहेर पडतं. त्यातलं विष कोणत्या कंपनीचं, हे आम्ही जाळं टाकून शोधायचं का?

२०२३ साली पापलेट राज्यमासा झाला. १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट धरायचं नाही, असा नियमही आला. नियम योग्यच आहे. पिल्लं मारली की मासळी संपते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण आमच्या जाळ्यातला मासा मिलिमीटरवर मोजायचा आणि तुमच्या गेटातून निघणारं पाणी मात्र आमच्या नजरेआड ठेवायचं, हा कुठला न्याय?

कंपनी परदेशी असली की कोर्टही परदेशी जातं. २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, जीव गेले. कीटकनाशक बनवणाऱ्या सिंजेंटा कंपनीविरुद्ध दाद मागायला २०२० साली बाधितांना आणि वारसांना स्वित्झर्लंडमधलं बासेल गाठावं लागलं. मुंद्र्याच्या वीजप्रकल्पाला कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाविरुद्ध कच्छचे मच्छीमार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. या संस्थेला खटल्यापासून सरसकट संरक्षण नाही, असं त्या न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. पुढे खालच्या कोर्टांत मूळ दावा टिकला नाही. सातपाटीच्या माणसाने यातून काय शिकायचं? पासपोर्ट काढून ठेवायचा?

म्हणून थेट मागतो. प्रत्येक कारखान्याचं पाणी इतरांच्या पाण्यात मिसळण्याआधी तपासा आणि ते आकडे मराठीत गावोगावच्या फलकांवर लावा. मच्छीमार कुटुंबांचं नुकसान आमच्या सहकारी सोसायट्यांच्या दप्तरातल्या मासळीच्या नोंदींवरून ठरवा. ज्याला सही करायचा अधिकार आहे, असा तुमचा माणूस सुनावणीसाठी सातपाटीत बसवा.

तुमच्या वार्षिक अहवालात सामाजिक जबाबदारीचं एक पान असतं. वह्या वाटतानाचे, झाडं लावतानाचे फोटो त्यावर छापता. आमचे तसले फोटो छापू नका. आम्हाला मदत नको आहे, तुमच्याकडे आमची बाकी आहे.

आपला,
सातपाटीचा एक मच्छीमार