विटाळाची भरपाई

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं. मागोमाग आपल्या माणसांनी घेतलं. गावच्या सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत तळ्यात बुडवल्या आणि पाणी 'शुद्ध' करून घेतलं. वर तळं आमच्या मालकीचं म्हणून बाबासाहेबांवर दावा ठोकला. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १९३७ साली. ओंजळभर पाण्यापायी दहा वर्षं.

दोस्तहो, हा जुना हिशेब मी उगाच उकरून काढलेला नाही. जो पाणी बाटवील तो भरील, हा नियम आपल्याला नवा नाही. आपण तो पिढ्यान् पिढ्या भरत आलो. गावकुसाबाहेर राहून भरला, मार खाऊन भरला. आता तोच नियम कायद्याच्या पुस्तकात कारखान्याच्या मालकासाठी लिहिलाय. घाण करील तो भरील. ऐकायला झकास. म्हणून मी हिशेबाला बसलो. मालकाने किती भरलं, कधी भरलं, आणि ते कुणाच्या हातात पडलं? उदाहरण आपल्याच धंद्याचं घेतो. कातड्याचं.

तामिळनाडूत पालार नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यात राणीपेट, आंबूर, वाणियंबाडी ही टॅनऱ्यांची गावं. मालक व्यापारी. कुंडात हात घालणारे बहुतेक दलित, त्यात बायाही भरपूर. कमावलेलं कातडं परदेशी जातं आणि सांडपाणी पालारच्या पात्रात, विहिरीत, शेतात उतरतं. १९९१ साली तिथल्या नागरिकांच्या मंचाने सुप्रीम कोर्टात अर्ज केला. २८ ऑगस्ट १९९६ ला न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने निकाल दिला. त्या निकालपत्रात ह्या जिल्ह्याचं तेव्हाचं नाव सापडतं: उत्तर अर्काट आंबेडकर. जिल्ह्याला बाबासाहेबांचं नाव दिलं, प्यायला मात्र क्रोमियमचं पाणी दिलं. ह्या सरकारांची श्रद्धा ही अशी.

क्रोमियम हे काय प्रकरण आहे ते आधी समजून घ्या. माझा आजा ढोर. बाभळीची साल कुटायची, हिरडा टाकायचा, कातड्याची पखाल शिवून सालीचं पाणी भरून टांगायची. कातडं कमवायला महिना महिना लागायचा. हात कायमचे तांबडे. त्या तांबड्या हाताला गाव शिवायचं नाय. मग क्रोमियमची मिठं आली आणि महिन्याचं काम दिवसावर आलं. मालकाचा पैसा झपाट्याने फिरायला लागला. कातड्यात न मुरलेलं क्रोमियम सांडपाण्याबरोबर वाहून जातं, गाळात बसतं. ही धातू आहे. शेणामुतासारखी ती सडून माती होत नाही. टाकली तिथे राहते, नाहीतर पाण्याबरोबर सरकते.

टॅनरीत वापरतात ते त्रिसंयुजी क्रोमियम, ते त्यातल्या त्यात बरं. पण ती मिठं जिथे बनतात तिथे षट्संयुजी क्रोमियम असतं. ते पाण्यात विरघळतं, पाणी पिवळं करतं. कातडीला जखमा पाडतं, नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पाडतं, श्वासावाटे गेलं तर फुप्फुसाचा कॅन्सर करतं. राणीपेटला तामिळनाडू क्रोमेट्स अँड केमिकल्स हा असा कारखाना होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यात तो बंद पडला. जाताना सुमारे दीड लाख टन क्रोमियमचा कचरा उघड्यावर टाकून गेला. कारखाना मेला, विष जिवंत राहिलं.

आता कायदा. भोपाळच्या पाठोपाठ दिल्लीत ओलियम वायू गळला, त्या खटल्यात डिसेंबर १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की धोक्याचा धंदा करून नफा कमावणाऱ्याने नुकसान झालं तर भरलंच पाहिजे. 'मी काळजी घेतली होती' ही सबब चालणार नाही. कारखाना जेवढा मोठा तेवढी भरपाई मोठी. त्याच साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९९६ च्या वेल्लोर निकालाने तर स्पष्टच केलं की 'घाण करील तो भरील' हे तत्त्व ह्या देशाच्या कायद्याचा भाग आहे, आणि त्यात दोन गोष्टी येतात: माणसाचं नुकसान भरून देणं आणि बिघडलेली जमीन-पाणी पुन्हा नीट करणं. परकीय चलन मिळवता म्हणून नासाडी करायचा हक्क तुम्हाला मिळत नाही, असंही चामड्याच्या उद्योगाला ऐकवलं. मी ह्या निकालाला नावं ठेवत नाही. चांगला निकाल आहे. त्याचं पुढे काय झालं ते बघा.

कोर्टापुढे आलेल्या पाहणीप्रमाणे टॅनऱ्यांच्या पट्ट्यातली सुमारे ३५ हजार हेक्टर शेती अर्धी-पुरती नापीक झालेली होती. कोर्टाने प्रत्येक टॅनरीला दंड केला. किती? १० हजार रुपये. भरपाई ठरवायला प्राधिकरण नेमायला लावलं. त्या प्राधिकरणाने मार्च २००१ मध्ये वेल्लोर जिल्ह्यापुरता आकडा काढला: १५ हजारांवर हेक्टर जमीन, २९ हजारांवर बाधित, ५४७ टॅनऱ्या, रक्कम सुमारे २६ कोटी ८२ लाख. भागाकार तुम्हीच करा. माणशी नऊ हजारांच्या आसपास. विहीर गेली, पीक गेलं, त्याचे नऊ हजार!

तेही सुखासुखी मिळाले नाहीत. २००९ ला दुसरी यादी झाली, हायकोर्ट झालं, आणि ३० जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की २००१ आणि २००९ च्या निवाड्यांतली राहिलेली भरपाई राज्य सरकारने सहा आठवड्यांत द्यावी आणि मग ती प्रदूषकांकडून वसूल करावी. नुकसान भरून निघेपर्यंत प्रदूषकाची जबाबदारी संपत नाही, हेही सांगितलं. पहिल्या अर्जापासून चौतीस वर्षं. महाडला दहा लागली होती. आपण प्रगती केली म्हणायची.

राजस्थानात बिछडी गावचं हेच. तिथल्या रासायनिक कारखान्यांनी विहिरी नासवल्या. निकाल फेब्रुवारी १९९६ चा. पैसे भरायचे टाळायला मालक अर्जावर अर्ज करत राहिला, तो २०११ साली कोर्टाने चक्रवाढ व्याजासकट वसुलीचा हुकूम काढेपर्यंत. गरिबाला तारीख परवडत नाही, मालकाला तारीख हाच धंदा परवडतो.

पण माझा मुद्दा नुसत्या उशिराचा नाही. मला यादी बघायचीय. वेल्लोरच्या भरपाईचं माप होतं हेक्टर. तिकडे पट्टा म्हणतात, आपल्याकडे सातबारा. ज्याच्या नावावर जमीन त्याचं नुकसान दिसलं. शेतकऱ्याचं नुकसान खरंच झालं, त्याला मिळालंच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच्या बांधावर मजुरीला जाणारा आणि त्याच विहिरीचं पाणी पिणारा भूमिहीन कोणत्या हेक्टरात बसवायचा? आणि दिवसभर कुंडात उभी राहणारी बाई? विष सगळ्यांत आधी तिच्या कातडीला लागतं. २०२५ च्या निकालात टॅनरी कामगारांच्या हालांचा विषय आलाय खरा. पण पैसा वाटायचा तो जुन्या निवाड्यांप्रमाणेच.

हे चुकून झालंय असं समजू नका. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा काढून वाचा. धोकादायक पदार्थाच्या अपघातात मालकाने दोष सिद्ध न होताही भरपाई द्यायची, पण कुणाला? कामगार सोडून इतर माणसाला. कलम ३ मध्ये तसंच लिहिलंय. २०१० चा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा काढा. कलम १७, तिथेही तेच: कामगार सोडून. कारखान्याच्या भिंतीबाहेर विष गेलं तर ते प्रदूषण, भिंतीच्या आत माणसाच्या अंगात गेलं तर ती नोकरी! कामगाराने दुसऱ्या दाराने जायचं. आधी १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा होता, आता २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता. तिथे व्यवसायजन्य रोगांच्या यादीत शिसं, पारा, क्रोमियम सगळं आहे. फक्त तू कामगार होतास हे तुलाच सिद्ध करायचंय.

ते कसं होतं ते मी घरात पाहिलंय. माझा एक चुलता मुंबईतल्या एका टॅनरीत बारा वर्षं राबला. बोटांच्या पेरांवर जखमा, बऱ्या होत नव्हत्या. भरपाईचं विचारायला गेला तर हजेरीचा पुरावा आण म्हणाले. हजेरी मुकादमाच्या वहीत, मुकादम गावी, वही कुठे कुणास ठाऊक. बारा वर्षांचा कागद नाही म्हणून बारा वर्षं झालीच नाहीत. हात मात्र होते. हातांना कोण विचारतो?

दुसरी मेख मुदतीची. हरित न्यायाधिकरणाकडे भरपाई मागायची तर कारण पहिल्यांदा घडल्यापासून पाच वर्षांत मागायची. वर साठ दिवसांची सवलत. स्फोट झाला तर तारीख सांगता येते. स्फोटात मेलेल्या कामगारांच्या घरच्यांना न्यायाधिकरणाने भरपाई द्यायला लावलीही आहे. पण धातू स्फोटासारखी येत नाही. ती थेंबाथेंबाने येते, आणि कॅन्सर दिसायला वीस वर्षंही लागतात. कारण 'पहिल्यांदा' कधी घडलं? विष चढतं बैलगाडीने आणि मुदत पळते आगगाडीने.

तिसरी मेख शिक्षेची. १९८६ च्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढली, १ एप्रिल २०२४ पासून अंमल. आता १० हजार ते १५ लाख रुपये दंड, तोही कोर्टाने नव्हे, अधिकाऱ्याने ठोठवायचा. तुरुंग उरला तो दंड बुडवणाऱ्यापुरता. कुणी म्हणेल, कैदेत तरी किती मालक गेले होते? खरंय. पण भीती होती. आता दंड हा खर्चाच्या वहीतला एक आकडा झाला. भाकरी चोरणाऱ्याला तुरुंग, नदी चोरणाऱ्याला पावती!

ह्या सगळ्याचा अर्थ ३१ जानेवारी २०१५ च्या रात्री राणीपेटला दिसला. सांडपाणी साफ करायला उभारलेल्या सामाईक केंद्रातल्या विषारी गाळाच्या टाकीची भिंत फुटली. शेजारच्या टॅनरीत दहा माणसं झोपलेली. बहुतेक पश्चिम बंगालहून पोटामागे आलेली. गाळाने झोपेतच गिळली. नदी वाचवायला जमवलेला गाळ शेवटी कुणाच्या छातीवर पडला? ज्याला राहायला टॅनरीशिवाय जागा नव्हती त्याच्या.

मला माहीत आहे, आपल्यातलेच काही विचारतील: टॅनऱ्या बंद पडल्या तर खायचं काय? प्रश्न रास्त आहे. मालक नेमकी ह्याच भुकेची ढाल करतो. 'कायदा लावाल तर तुमच्याच लोकांच्या चुली विझतील' म्हणतो. त्याला उलटं विचारा: इतकी वर्षं चूल पेटवायची किंमत आमच्या नाकाच्या पडद्याने का चुकवायची? क्रोमियम सांडपाण्यातून परत काढून वापरायची रीत आहे, ती टॅनऱ्यांत वापरलीही जाते. पैसे लागतात, तेवढंच. आणि नदीवर प्रेम करणाऱ्या शहरी मित्रांनाही सांगणं आहे: कारखान्याला टाळं ठोकून तुम्ही घरी जाता. टाळं लागल्यावर गेटबाहेर बसलेल्या बाईचं नाव तुमच्या अर्जात पाहिजे. नसेल तर तुमची नदी आणि तिची नदी एक नाही.

म्हणून आपलं मागणं सरळ आहे. १९९१ आणि २०१० च्या कायद्यांतून 'कामगार सोडून' हे शब्द काढा. धातूच्या विषाची मुदत रोग कळल्याच्या दिवसापासून मोजा. भरपाईचं माप हेक्टर नको, माणूस ठेवा. भूमिहीन मजूर आणि कंत्राटी कामगार यादीत आधी. पुरावा मालकाकडून मागा: ह्या माणसाला माझ्या कुंडातलं क्रोमियम लागलं नाही, हे त्याने सिद्ध करावं. दर वर्षी रक्त-लघवी तपासा आणि कागद कामगाराच्या हातात द्या, मुकादमाच्या नको. आणि कारखाना बंद करून पळणाऱ्या मालकाच्या मागे त्याचा कचरा जाऊ द्या. जमीन साफ होईपर्यंत त्याची मालमत्ता सोडू नका.

हे कुणी आपणहून देणार नाही. तोवर एवढं करा. ज्या टॅनरीत, भट्टीत, बॅटरी फोडायच्या शेडमध्ये तुम्ही राबता, तिथली आपली हजेरी आपण लिहा. रोजची तारीख, काम काय, शेजारी कोण होतं. अंगावर जखम आली की सरकारी दवाखान्यात दाखवा, केसपेपर जपून ठेवा. शिकलेल्या पोरांनी वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या हातांची नोंद घ्यावी. उद्या कोर्ट कागद मागेल तेव्हा आपल्याकडे मुकादमाची नाही, आपली वही असेल.

जय भीम!