शहरांचा परावलंबी जमाखर्च

महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकाचे दोन भाग असतात : वेतन, वीजबिले, औषधे, किरकोळ दुरुस्ती अशा नित्याच्या गरजांवरचा महसुली खर्च आणि रस्ते, जलवाहिन्या, मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे अशी दीर्घकाळ टिकणारी मत्ता उभी करणारा भांडवली खर्च. यांपैकी दुसरा भाग गेल्या दोन दशकांत केंद्र शासनाच्या योजनांवर इतका विसंबला आहे की शहराला काय हवे याआधी कोणत्या योजनेत काय बसते, हे पाहिले जाऊ लागले आहे. प्रस्तुत अंक शहरांना वाहिलेला असल्याने या जमाखर्चाची छाननी आरंभीच करणे उचित ठरेल.

१९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांसाठी १८ विषय नमूद केले. मात्र ते पेलण्यासाठी कोणते कर त्यांच्या हाती द्यायचे, हे राज्यांवरच सोडले. महाराष्ट्रात जकात हा रोजच्या रोज तिजोरीत पडणारा पैसा होता. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला आणि मुंबईतील जकातही १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर संपली. तिच्यापोटी राज्याकडून भरपाई मिळते, परंतु भरपाई म्हणजे कर बसवण्याचा अधिकार नव्हे. उरलेल्या मालमत्ता करावरही सवलतींची कात्री चालते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२मध्ये दिलेली माफी हे त्याचे ठळक उदाहरण.

ही पोकळी केंद्राच्या अनुदानाने भरली. डिसेंबर २००५मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात ४० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, तर १० ते ४० लाखांच्या शहरांना ५० टक्के रक्कम केंद्राकडून मिळत असे; बाकीची राज्य आणि पालिकेने उभारायची. २०१५च्या स्मार्ट सिटी अभियानात प्रत्येक शहरासाठी केंद्राचा वाटा ५०० कोटी रुपयांपर्यंत होता आणि तेवढाच वाटा राज्य व पालिकेने मिळून घालायचा होता; मात्र हा पैसा खर्च करण्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन करावी लागल्याने निर्णयाचे केंद्र निवडलेल्या सभागृहाबाहेर सरकले.

पुण्याच्या मुळा-मुठा प्रदूषण नियंत्रण प्रकल्पात या व्यवस्थेचे गुणदोष एकत्र दिसतात. जपानच्या जायका संस्थेकडून केंद्राने कर्ज घेतले आणि ९९० कोटींच्या या प्रकल्पातील ८५ टक्के भार अनुदानरूपाने उचलला. ११ शुद्धीकरण केंद्रे एकाच वेळी बांधण्याचे बळ महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नातून क्वचितच आले असते. तथापि, कर्जाचा करार जानेवारी २०१६मध्ये होऊनही प्रत्यक्ष कामासाठी २०२२ उजाडले, दरम्यान मैलापाणी नदीत जातच राहिले आणि निविदांचा आकडा मूळ मंजुरीच्या बराच पुढे गेला. शिवाय केंद्रे उभी राहिली की त्यांची वीज, रसायने आणि मनुष्यबळ यांचा खर्च महसुली खात्यात पडतो. उद्घाटनाच्या फलकावर केंद्राचे नाव झळकते, वीजबिलावर मात्र पालिकेचेच असते.

अनुदान नाकारण्यात शहाणपण नाही. दिल्लीकडे जमणाऱ्या करांत शहरांच्या व्यवहारांचा मोठा वाटा असतो, त्यामुळे त्यातला काही भाग परत मागणे म्हणजे याचना नव्हे. आक्षेप आहे तो योजनेगणिक बदलणाऱ्या अटींवर. वित्त आयोगाच्या सूत्राप्रमाणे आधीच ठरलेला आणि शहराला स्वतःच्या प्राधान्यक्रमाने खर्चता येईल असा वाटा मिळाला, तर पाच वर्षांचे नियोजन शक्य होईल. पुणे महापालिकेने २०१७मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले तेव्हा त्यामागे तिच्या स्वतःच्या उत्पन्नाची पत होती. ही पत वाढवायची तर मालमत्ता कर आणि पाणीपट्टी वेळेवर आकारण्याचे व वसूल करण्याचे राजकीय धैर्य लागते. करमाफीचे आश्वासन देणाऱ्या उमेदवाराला, बांधलेले शुद्धीकरण केंद्र कोणत्या पैशावर चालणार, असे मतदारांनी विचारले, तर या चर्चेला खरा आरंभ होईल.