जीन्समध्ये या, कॉफी घ्या आणि आईबाबांनाही आणा!

चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? वसईतलं किंवा वांद्र्यातलं एखादं जुनं चर्च, लाकडी बाकं, मेणबत्त्या, झग्यातले फादर आणि रविवारचे ठेवणीतले कपडे. अमेरिकेत मात्र रविवारी सकाळी अनेक ठिकाणी वेगळंच चित्र दिसतं. पार्किंगमध्ये हात हलवून गाड्या लावून देणारी कॉलेजची पोरं, लॉबीत कॉफी, आत थिएटरसारख्या खुर्च्या, स्टेजवर इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्स, स्क्रीनवर गाण्याचे शब्द. पाद्रीसुद्धा जीन्समध्ये. हे तिथलं कॅज्युअल चर्च. 'जसे आहात तसे या' हा त्याचा मंत्र.

पार्किंगमधल्या त्या पोरांना पगार नसतो. ती व्हॉलंटियर असतात. अनेक घरांत आधी मुलगा किंवा मुलगी चर्चमध्ये काम करायला लागते आणि मग आई, धाकटा भाऊ, कधी कधी बाबाही मागोमाग येतात. धर्म वरून खाली, म्हणजे आजीकडून नातवाकडे जातो, हा आपला नेहमीचा समज. इथे तो उलटा प्रवास करतोय. हे घडतं कसं आणि त्याची किंमत काय?

आकडे काय म्हणतात?

प्यू रिसर्च सेंटरच्या २०२५ च्या अहवालानुसार, अमेरिकेतले ६२ टक्के प्रौढ स्वतःला ख्रिश्चन म्हणवतात. २००७ मध्ये हेच प्रमाण ७८ टक्के होतं. गेल्या काही वर्षांत ही घसरण मंदावली आहे, पण वयाचा फरक बघा. सगळ्यात ज्येष्ठ गटात ८० टक्के लोक ख्रिश्चन, तर १८ ते २४ वयोगटात फक्त ४६ टक्के. म्हणजे 'तरुणाई चर्चकडे वळली' अशी सरसकट हेडलाइन करता येणार नाही. दुसरीकडे, बार्ना या संस्थेला २०२५ मध्ये असं आढळलं, की जी जेन-झी मुलं चर्चला जातात, ती महिन्यातून सरासरी दोनदा जातात आणि ते प्रमाण त्यांच्या आधीच्या पिढ्यांपेक्षा जास्त आहे. थोडक्यात, जाणारे कमी, पण जे जातात ते मनापासून जातात. कॅज्युअल चर्चची सगळी भिस्त अशाच मुलांवर आहे.

गालिचा काढा!

हा प्रकार इन्स्टाग्रामच्या जमान्यातला नाही. १९६५ मध्ये चक स्मिथ यांनी कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथलं एक छोटंसं चर्च हाती घेतलं. पुढे तिथे अनवाणी हिप्पी पोरं यायला लागली. त्यांच्या मळक्या पायांनी नवा गालिचा खराब होईल, अशी कुरकुर सुरू झाली. तेव्हा, मग गालिचाच काढून टाकू, असं स्मिथ म्हणाले, ही गोष्ट आजही सांगितली जाते. २०२३ चा 'जीझस रेव्होल्यूशन' हा सिनेमा याच काळावर आहे.

१९७५ मध्ये शिकागोजवळ बिल हायबल्स या तेविशीतल्या तरुणाने एक सिनेमा थिएटर भाड्याने घेऊन 'विलो क्रीक' चर्च सुरू केलं. त्याआधी घरोघरी जाऊन 'तुम्ही चर्चला का जात नाही?' असं विचारलं होतं. सतत पैसे मागतात, कंटाळा येतो, आमच्या रोजच्या जगण्याशी काही संबंध नसतो, अशी उत्तरं आली. मग जे नको ते काढून टाकलं. १९८० मध्ये रिक वॉरन यांनी 'सॅडलबॅक' चर्च सुरू करतानाही असाच सर्व्हे केला. वॉरन तर हवाईयन शर्ट घालून प्रवचन देण्यासाठीच प्रसिद्ध झाले. हे सरळसरळ मार्केट रिसर्च होतं आणि ते चाललंही.

फुकट राबायला कोण येतं?

राबायला येतात, कारण एकटेपणा. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये एकटेपणावर खास अहवाल काढला. त्यानुसार १५ ते २४ वयाची मुलं २००३ मध्ये मित्रांसोबत प्रत्यक्ष भेटून दिवसाला साधारण १५० मिनिटं घालवायची. २०२० मध्ये ती उरली ४० मिनिटं! २०२० हे कोविडचं वर्ष होतं हे खरं, पण उतरण त्याच्या बरीच आधी सुरू झाली होती.

अशा वेळी कुणी तुम्हाला टी-शर्ट देतं, 'येत्या रविवारी कॅमेरा सांभाळशील का?' असं विचारतं, काम संपल्यावर सगळ्यांसोबत जेवायला बसवतं. आपली कुणाला तरी गरज आहे, ही भावना साधी नसते. प्रेक्षकाने एक रविवार दांडी मारली तर कुणाला कळतही नाही. साउंड सांभाळणाऱ्याने मारली तर फोन येतो. रॉबर्ट पुटनम आणि डेव्हिड कॅम्पबेल यांनी 'अमेरिकन ग्रेस' या २०१० च्या पुस्तकात हेच मांडलंय. धार्मिक माणसं समाजकार्यात पुढे दिसतात, त्यामागे श्रद्धेपेक्षा चर्चमध्ये जुळलेली मैत्री जास्त असते.

आणि मग घरचे येतात

जॉन लोफलँड आणि रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका छोट्या पंथाचा अभ्यास करून १९६५ मध्ये निष्कर्ष मांडला, की माणसं आधी विचार पटला म्हणून येत नाहीत; ओळखीचं, जिव्हाळ्याचं माणूस आत आहे म्हणून येतात. विचार नंतर पटतो.

घरात हे नेमकं असंच होतं. लेक स्टेजवर गाते, मग आई एकदा तरी बघायला येणारच. धाकट्यासाठी मुलांचा वेगळा वर्ग असतो, त्यामुळे आईला तासभर निवांत मिळतो. कपड्यांचं टेन्शन नाही, कधी उभं राहायचं, काय म्हणायचं हे पाठ नसलं तरी चालतं. वर्षानुवर्षं चर्चची पायरी न चढलेल्या बाबांनाही मग अवघडल्यासारखं होत नाही. आपल्याकडे ढोल-ताशा पथकात नाव घातलेल्या पोरीची आई महिन्याभरात सरावाच्या ठिकाणी डबा घेऊन दिसते ना, तसंच.

कपडे कॅज्युअल, नियम नाहीत

इथपर्यंत सगळं छान. पण दार मोकळं असलं म्हणजे आतल्या सगळ्या खोल्या मोकळ्या असतातच असं नाही. सिडनीत १९८३ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे न्यूयॉर्कपर्यंत पोहोचलेल्या 'हिलसाँग' चर्चचे संस्थापक ब्रायन ह्यूस्टन यांनी २०१५ मध्ये स्पष्ट केलं होतं, की समलिंगी लोकांचं चर्चमध्ये स्वागत आहे, पण नेतृत्वाच्या जागा त्यांना मिळणार नाहीत. वर्षभर घाम गाळल्यावर हा नियम कळला तर? याच प्रश्नातून २०१७ मध्ये 'चर्च क्लॅरिटी' हा उपक्रम सुरू झाला. चर्चची धोरणं आधीच स्पष्ट लिहिलेली आहेत का, हे तो तपासतो.

दुसरा मुद्दा श्रमांचा. हिलसाँगच्या काही माजी व्हॉलंटियर्सनी आपल्याला फुकट राबवून घेतल्याचे आरोप जाहीरपणे केले. विलो क्रीकने तर स्वतःचीच परीक्षा घेतली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'रिव्हील' अभ्यासातून दिसलं, की चर्चच्या कार्यक्रमांत जास्त भाग घेतला म्हणून माणसाची आध्यात्मिक वाढ होतेच असं नाही. बिझी असणं वेगळं, वाढणं वेगळं.

तिसरा मुद्दा सगळ्यात अवघड. २०१८ मध्ये महिलांशी गैरवर्तनाच्या आरोपांनंतर हायबल्स यांनी पद सोडलं. त्यांनी आरोप नाकारले. काही महिन्यांनी चर्चच्या संपूर्ण वडीलमंडळाने राजीनामा दिला. अशा वेळी एकटा माणूस उठून बाहेर पडू शकतो. पण मित्र आत, आई आत, भावाचा वर्ग आत, म्हटल्यावर बाहेर पडणं म्हणजे घरात भांडण. जे नातं आत यायला सोपं करतं, तेच बाहेर पडणं अवघड करतं.

म्हणून व्हॉलंटियरिंग वाईट ठरत नाही. ४० मिनिटांच्या मैत्रीवर जगणाऱ्या पिढीला असा कट्टा हवाच आहे. चर्च असो, एनजीओ असो, मंडळ असो की पक्षाची युवा शाखा, आपण जातो ते बहुतेक वेळा माणसांसाठीच. फक्त घरच्यांना हात धरून आत नेण्याआधी तीन प्रश्न विचारून बघा. इथले नियम कुठे लिहिलेले आहेत? पैशांचा हिशेब कोण बघतं? आणि उद्या मी 'आता पुरे' म्हटलं, तर हे लोक माझ्याशी बोलतील का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वेबसाइटवर मिळतात. तिसऱ्याचं हवं असेल, तर सोडून गेलेल्या एखाद्याला गाठा.