पाणी थंड करत नाही, राव!

"वॉटर कूलिंग लावायचंय, कुठलं घेऊ?" असं विचारणारा एक तरी प्राणी महिन्याला भेटतोच. मार्च उजाडला की जास्त. बहुतेकांची यादी तयारच असते. एक नंबरला आरजीबी लाइटवाला वॉटर ब्लॉक, दोनला काचेसारख्या पारदर्शक नळ्या, तीनला निळं नाहीतर जांभळं पाणी. आणि रेडिएटर? "तो बघू रे, केबिनेटमध्ये मावेल तो."

मंडळी, ही यादी चक्क उलटी आहे. आणि ती उलटी का होते तेही मला माहीत आहे. आपल्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलंय की पाणी म्हणजे गार. माठातलं पाणी गार, खिडकीतल्या डेझर्ट कूलरची हवा गार, म्हणजे कॉम्प्युटरला पाणी लावलं की तोही गार. पण माठ काय किंवा कूलर काय, दोन्हीकडे पाण्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातलं पाणी खोलीपेक्षा गार होऊ शकतं. कॉम्प्युटरच्या बंद लूपमध्ये कसली वाफ आणि कसलं काय! तेच लिटरभर पाणी गोल गोल फिरतं. प्रोसेसरपासून उष्णता उचलायची आणि रेडिएटरपर्यंत नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम. हमालच म्हणा ना. हमाल कितीही तगडा असला तरी गोदाम भरलेलं असेल तर पोतं ठेवणार कुठे?

आपल्या गावातलंच उदाहरण घ्या. पाणचक्कीला सगळेच शाळेच्या सहलीत जाऊन आलेत. तिथला मोठा हौद आठवतोय? त्या हौदाच्या खाली एक दालन आहे, हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. भर उन्हाळ्यातही ते गार राहतं म्हणून प्रसिद्ध. म्हणजे वॉटर कूलिंगच झालं की! पण ते चालायचं कशामुळे? डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून सतत येत राहायचं आणि जास्तीचं पाणी खाम नदीत निघून जायचं. दरवेळी नवं पाणी. तुमच्या टेबलाखाली ना झरा आहे ना नदी. तुमची नदी म्हणजे तो रेडिएटर. आणि तोच तुम्ही "मावेल तो" घेताय.

आता थोडं गणित (कंटाळा येत असेल तर चहा घेऊन या). प्रोसेसर 150 वॉट आणि ग्राफिक्स कार्ड 300 वॉट, असे 450 वॉट पाण्यात जातात असं धरा. ढोबळ हिशोब असा, की 120 मि.मी.च्या एका पंख्याएवढा रेडिएटर बेताच्या आवाजात 100 वॉट बाहेर टाकतो, तेव्हा पाणी खोलीपेक्षा साधारण 10 अंश गरम असतं. आता 240 चा, म्हणजे दोन पंख्यांचा रेडिएटर लावलात तर पाणी खोलीपेक्षा बावीस-तेवीस अंश वर. यूट्यूबवरचे गुरुजी एसीत बसलेले असतात, खोली 21 अंश. त्यांचं पाणी 43-44 ला थांबतं, ते हसत हसत अंगठा दाखवतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी वरच्या मजल्यावरच्या खोलीत 41 अंश सहज असतात. म्हणजे पाणी 63! पंप आणि नळ्या बनवणारे बहुतेक 60 अंशांच्या आसपास हात वर करतात. हाच माल पाच पंख्यांच्या रेडिएटरवर, म्हणजे एक 360 आणि एक 240, असा चालवला तर पाणी 50 च्या आसपास राहतं. कुठलाही चमकणारा वॉटर ब्लॉक हा तेरा-चौदा अंशांचा फरक पाडून दाखवू देत, मी त्याचा सत्कार करीन.

म्हणून रिव्ह्यूमधलं "अमुक कूलरवर तापमान 70" हे वाक्य आपल्यासाठी बिनकामाचं आहे. खोलीपेक्षा किती वर, ते सांगा. 21 च्या खोलीतले 70 म्हणजे आपल्याकडचे 90, आणि रायझन 7000 सारखे प्रोसेसर 95 ला स्वतःच वेग कमी करायला लागतात. जो हा फरक सांगत नाही तो तुम्हाला माल विकतोय, माहिती देत नाही.

रेडिएटर निवडताना अजून एक. पात्या फार दाट असलेला घेऊ नका. दाट पात्यांना जोरात फिरणारा पंखा लागतो, आणि आपल्याकडची धूळ त्यात एका उन्हाळ्यात गादी घालून बसते. थोडा विरळ, थोडा जाड, आणि जुन्या टूथब्रशने साफ करता येईल असा बघा.

आता धातू. इथे मात्र मला खरंच राग येतो. वॉटर ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर स्वस्तातला अॅल्युमिनियमचा, अशी जोडी दुकानात बिनदिक्कत गळ्यात मारली जाते. कुणी हुशार मित्र भंगारातून जुन्या गाडीचा रेडिएटर उचलून आणतो. वाळूजच्या कंपन्यांमुळे आपल्या गावात प्रत्येकाचा कुणी ना कुणी मामा ऑटो लाइनमध्ये असतोच. पण दोन वेगळे धातू एका पाण्यात बुडवून जोडले की काय होतं हे आपण आठवी-नववीत शिकलो होतो. बॅटरी होते! आणि त्या बॅटरीत अॅल्युमिनियम खाल्लं जातं. आधी पाणी गढूळ, मग ब्लॉकच्या बारीक खाचांत पांढरा चिखल, मग रेडिएटरला भोक. ते भोक बरोबर ग्राफिक्स कार्डाच्या वर पडतं, हा मर्फीचा नियम. "पण तयार एआयओमध्ये तर तांबं आणि अॅल्युमिनियम दोन्ही असतं की?" असतं. पण ते कारखान्यात सील केलेलं असतं आणि आत गंजरोधक रसायन मोजून घातलेलं असतं. तुम्ही दर सहा महिन्यांनी झाकण उघडून नळाचं पाणी ओतणार, तुमचं आणि त्यांचं एक नाही. घरी लूप बनवायचा तर सगळं तांबं, पितळ आणि निकेल. फिटिंग घेताना पिवळ्या-पांढऱ्या चमकीवर जाऊ नका. पितळेचंच आहे का ते विचारा, आटे जी 1/4 चे आहेत का ते बघा, बस्स.

पाण्याबद्दल फार लिहायची गरज पडू नये. घरातल्या कूलरच्या जाळीवर मे अखेरीस जो पांढरा थर चढतो तो बघा. बोअरचं पाणी असेल तर तो थर नखाने निघत नाही. तोच थर ब्लॉकच्या केसाएवढ्या खाचांत बसवायचाय का? "आरओचं चालेल ना?" नाही चालणार. आरओच्या पाण्यात क्षार उरतात, काही मशीन तर चवीसाठी मुद्दाम ठेवतात. आणि मिनरल वॉटरच्या नावातच मिनरल आहे की राव! डिस्टिल्ड वॉटर आणा आणि त्यात शेवाळ न होण्याचं आणि गंज न लागण्याचं औषध घाला. (बॅटरीच्या दुकानातून आणणार असाल तर कॅनवरचं लेबल नीट वाचा, शेजारीच अॅसिडचा कॅन असतो.) रंगीत, दुधाळ पाणी फोटोपुरतं ठीक. त्यातले कण कालांतराने खाली बसतात, आणि बसतात ते नेमके त्याच खाचांत.

पंपाबद्दल एक खास संभाजीनगरी आयडिया ऐकायला मिळते. कूलरचा दोन-अडीचशेचा पंप बादलीत टाकायचा की झालं वॉटर कूलिंग. आयडिया दिसायला भारी. पण तो पंप 230 व्होल्टवर चालतो आणि कॉम्प्युटर यूपीएसवर. लाइट गेली की पंप बंद, प्रोसेसर चालू! आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते मी सांगायला नको. पंप असा हवा जो कॉम्प्युटरच्याच पॉवर सप्लायवर 12 व्होल्टने चालेल. मात्र सगळ्यात दांडगाच हवा असंही नाही. मिनिटाला 4 लिटर पाणी फिरत असेल तर 300 वॉटने ते एका फेरीत जेमतेम 1 अंश तापतं. प्रवाह दुप्पट करून तुम्ही अर्धा अंश वाचवणार आणि डोक्याला भुणभुण लावून घेणार. "आधी प्रोसेसर की आधी कार्ड" यावर तावातावाने भांडणाऱ्यांनीही हाच आकडा वाचावा.

नळ्या काळ्या रबराच्या घ्या, ईपीडीएम म्हणतात ती. दिसायला बागेच्या पाइपसारखी. स्वस्त पारदर्शक नळी वर्षभरात धुरकट होते आणि तिच्यातून सुटलेला चिकटा पुन्हा ब्लॉकमध्येच.

"पण सुपरकॉम्प्युटरलाही पाणीच लावतात ना?" लावतात. पुण्यात आयसरमध्ये 2019 मध्ये बसवलेल्या परम ब्रह्मला असंच थेट द्रव कूलिंग आहे. पण तिथे ती उष्णता शेवटी कुठे टाकायची याची सोय आधी केलेली असते, शोभेच्या लाइटची नव्हे. आपण त्यांच्याकडून नळी उचलली आणि विचार तिथेच सोडून आलो.

आणि ज्याचं बजेट दहा-बारा हजार आहे त्याने लूपचा नादच सोडावा. मधल्या दर्जाच्या प्रोसेसरला दोन-अडीच हजारांचा टॉवर एअर कूलर पुरतो. त्यात पंप नाही, गळती नाही, पंखा बिघडला तर गल्लीत मिळतो. उरलेल्या पैशात केबिनेटला दोन चांगले पंखे लावा, ते टेबलाखालच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा. यात लाज कसली? पहिला पगार झाला की ईएमआयवर पन्नास हजारांचा लूप, आणि जूनमध्ये तोच अर्ध्या किमतीत विकायला काढलेला... असे मी हापिसात तीन पाहिले. तिघांकडे रेडिएटर 240 चा होता.

ज्यांना हे सगळं वाचूनही बनवायचाच आहे (मला तुमच्याबद्दल आदर आहे, खरंच), त्यांनी लूप भरल्यावर मदरबोर्डला वीज देऊ नये. फक्त पंप चालवा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि 24 तास वाट बघा. टिश्यू कोरडे राहिले तर मग लावा तुमची ती लाइट. :)